आजेसासूबाईंची पत्रं ठेवावीत की रद्दीत द्यावीत?

तुम्ही विचारलंय की ठाण्यातलं जुनं घर रिकामं करताना आजेसासूबाईंच्या पत्रांची ट्रंक सापडली. पंडिता रमाबाईंची पत्रं जपली ते ठीक, पण साध्या बाईची घरगुती पत्रं कोण घेणार?

अहो, रमाबाईंची पत्रंही भांडणाचीच आहेत. इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला असताना त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवू नये म्हणून बिशप मंडळींनी हरकत घेतली. त्यावर बाईंनी पत्रात सुनावलं, की माझ्या वडिलांनी आणि नवऱ्यानेसुद्धा कधी असं अडवलं नाही! ख्रिस्ती झाल्यावर घालायच्या क्रूसावरची अक्षरं लॅटिनच का, संस्कृत का नकोत, यावरूनही वाद घातला. यातली बरीच पत्रं तिथल्या मठातल्या नन, सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेली. जिच्याशी खटके उडाले, तिनेच ती जमवून ठेवली, म्हणून १९७७ साली ती पुस्तकरूपाने छापता आली. याउलट ताराबाई शिंदे. बायकांवरच्या अन्यायाचा जाब विचारणारी त्यांची १८८२ सालची 'स्त्री-पुरुष तुलना' सुद्धा विस्मरणात गेली होती, १९७५ साली स. गं. मालशांनी ती पुन्हा छापली. ताराबाईंची पत्रं जपणारं कोणी असतं तर?

आमची नौपाड्यातली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा माझ्या आजेसासूबाईंचीही अशीच ट्रंक निघाली. मी ऑफिसला गेले होते. थोरल्या दिरांनी ट्रंक ठेवली आणि कागद रद्दीवाल्याला दिले. "हिशेब आणि रडगाणी आहेत नुसती," म्हणाले. एकच कागद उरला, कारण तो फडताळात डब्यांखाली अंथरलेला होता. तेलाचा गोल डाग, शाई फुटलेली. भावाला लिहिलंय: "धाकटीला फायनलपर्यंत शिकू द्या, मग स्थळं बघा. माझं राहिलं ते राहिलं."

चौथीच्या पुढे शिकल्या नाहीत असं मला जिच्याबद्दल सांगितलं होतं, ती ही बाई, आणि धाकटीला फायनलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सातवीपर्यंत, शिकवा म्हणते! रडगाणं म्हणे. दिरांशी त्यावरून बोलणं झालं ते आजही मिटलेलं नाही, आणि मी चूक आहे असं मला अजिबात वाटत नाही.

तुम्ही पत्रं ज्या क्रमाने गठ्ठ्यात आहेत त्याच क्रमाने ठेवा, तारखेवार लावायची घाई नको. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. फाटलंय तिथे सेलोटेप लावलात तर कागद गेलाच समजा, आणि लॅमिनेशन तर नकोच. आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यासकट. मग ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन विचारा. १८९३ पासूनची संस्था आहे, ते स्वतः घेत नसतील तर कुठे द्यायची ते तरी विचारता येईल. फक्त पत्रांत हयात माणसांच्या खासगी गोष्टी असतील तर त्यांना आधी विचारा, आणि देताना लेखी पावती घ्या.

आणि हे सगळं होईपर्यंत ट्रंकेची किल्ली स्वतःकडे ठेवा. घरातल्या पुरुषांना आवराआवरीची फार घाई असते.