अकरावी सायन्सला नेटवरून फिजिक्स-मॅथ्स शिकताना

अगं, तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखा नव्हता म्हणून आज निवांत लिहितोय. फिजिक्स-मॅथ्सच्या चांगल्या लिंक पाठवा म्हणालीस. पाठवतो, पण मोजक्याच, आणि त्या कशा वापरायच्या तेही सांगतो, कारण नुसत्या लिंक पाठवल्या की त्या मोबाईलमध्ये पडून राहतात.

तू मराठी मीडियमची आणि अकरावी सायन्स इंग्रजीत, त्यामुळे पहिले दोन महिने तुला फिजिक्सपेक्षा शब्दच जास्त छळणार. मी स्वतः हे भोगलंय. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात वर्गात मोमेंटम मोमेंटम चाललं होतं आणि मला वाटलं हे काहीतरी नवीनच आलं, नववीत संवेगाची गणितं मी छान सोडवलेली, तोच हा संवेग हे कळायलाच कितीतरी दिवस गेले आणि तोवर धडा संपला होता. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून पहिली लिंक राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांची देतोय, भौतिकशास्त्राचा वेगळा, गणिताचा वेगळा, फुकट आहेत, इंग्रजी शब्द टाकला की मराठी मिळतो. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आख आणि रोज चार-पाच शब्द लिही. अॅक्सिलरेशन त्वरण, इनर्शिया जडत्व असं. स्पीड म्हणजे चाल आणि व्हेलॉसिटी म्हणजे वेग हे तर ठळक लिहून ठेव, कारण बोलताना आपण दोन्हीला स्पीडच म्हणतो, पण मैदानाला एक फेरी मारून निघालीस तिथेच परत आलीस तर तुझी सरासरी चाल काहीतरी भरते आणि सरासरी वेग शून्य. एवढा एक फरक पक्का असला की पुढची निम्मी गडबड टळते.

दुसरी लिंक फेट नावाच्या साइटची. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची आहे, २००२ साली कार्ल वीमन यांनी सुरू केली, ज्यांना आदल्याच वर्षी फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं. तिथे सिम्युलेशन्स आहेत, म्हणजे स्क्रीनवरचे प्रयोग, मोबाईलच्या ब्राउझरमध्येही चालतात, बरीचशी मराठीतही आहेत. आज रात्री सर्किटवालं उघड. एक ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहमचा एक बल्ब जोड, करंट ०.९ अॅम्पियर दाखवेल. आता दुसरा तसाच बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकसर, जोडायच्या आधी थांब आणि वहीत लिही, उजेड वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? मग जोड. दोन्ही मंद होतात, करंट ०.४५ वर येतो. आता तेच दोन बल्ब पॅरललमध्ये, म्हणजे समांतर, लाव, दोन्ही पहिल्याइतकेच उजळतात आणि बॅटरीतून १.८ अॅम्पियर जायला लागतो. एक बल्ब काढून टाक, दुसऱ्याला काहीच होत नाही. तुमच्या स्वयंपाकघरातला दिवा बंद केला तरी बाहेरचा चालू का राहतो ते तिथे डोळ्यांनी दिसतं. पण आधी लिहिलं नसशील ना, तर तो नुसता खेळ होईल, म्हणून ती लिहायची पायरी चुकवू नकोस, अंदाज चुकला तरी खोडू नकोस. चुकलेला अंदाजच जास्त लक्षात राहतो.

मॅथ्ससाठी जिओजेब्रा, आलेख काढून हलवून बघायची फुकट साइट. दहावीत वर्गसमीकरणं केलीस तेव्हा सूत्रात आकडे घातले आणि उत्तर काढलं, आलेख फारसा पाहिला नसशील. इथे वर्गसमीकरणातल्या ए, बी, सी ला स्लायडर, म्हणजे आकडा बदलायची सरकपट्टी, लाव आणि फक्त बी हलव. पॅराबोला, म्हणजे तो वाटीसारखा आलेख, नुसता डावीउजवीकडे सरकेल असं वाटतं, पण तसं होत नाही, त्याचं टोक स्वतःच एका उलट्या पॅराबोलावरून चालत जातं. का, ते कागदावर सिद्ध करून बघ, तुला येणाऱ्या गणितातच बसतं.

सगळं स्क्रीनवरच नको. अरविंद गुप्तांची साइट बघ, टाकाऊ वस्तूंतून बनवायची विज्ञानाची खेळणी आणि शेकडो पुस्तकं मराठीतसुद्धा फुकट. त्यातली मोटर नक्की कर, एक सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि इनॅमलची तार एवढंच लागतं. तारेच्या एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. माझी पहिली मोटर नुसती थरथरत राहिली कारण मी दोन्ही टोकं पूर्ण खरवडली होती, आणि अर्धंच का खरवडायचं याचा विचार करतानाच मला मोटर खरी कळली.

गणितं सोडवायला एनसीईआरटीची पुस्तकं आणि त्यांची एक्झेम्प्लार (जास्तीच्या सरावाची पुस्तकं) पीडीएफ उतरवून घे, बालभारतीचीही साइटवर मिळतात, नेट नसलं तरी चालतं. एनपीटीईएल म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांची ऑनलाइन लेक्चर्स, उत्तम आहे, पण इंजिनिअरिंगच्या पातळीचं, आत्ता नको. मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरच्या साइटवर ऑलिम्पियाड या विज्ञान-गणिताच्या स्पर्धेचे जुने पेपर आहेत, ते दिवाळीनंतर बघू.

व्हिडिओ कुणाचेही बघ, मला त्यात फार फरक वाटत नाही, खान अकॅडमीपासून सुरुवात केलीस तरी चालेल. फक्त गणित फळ्यावर लिहिलं की पॉज कर आणि आधी तू सोडव, दहा मिनिटं अडकलीस तरी चालेल, मग पुढे चालव. वीस मिनिटांच्या व्हिडिओला तास लागला तर तो तास सत्कारणी लागला समज.

आता एक काम. त्याच सर्किटमध्ये दोन बल्ब पॅरललमध्ये लाव आणि त्या जोडीच्या पुढे तिसरा सिरीजमध्ये. तिघांतला सगळ्यात जास्त कोण उजळेल, आणि मग पॅरललमधला एक काढला तर उरलेल्या दोघांचं काय होईल? जोडायच्या आधी वहीत लिही आणि त्या पानाचा फोटो मला पाठव, चूक असला तरी.