पिथियसला लबाड का ठरवले गेले?

प्रश्न : इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ब्रिटनच्याही उत्तरेकडे जाऊन आलेल्या पिथियस या ग्रीक दर्यावर्दीला प्राचीन विद्वानांनी खोटारडे म्हटल्याचे वाचले. त्याची कित्येक निरीक्षणे आज खरी मानली जातात. मग त्याच्यावर एवढा अविश्वास का?

उत्तर : अविश्वास सर्वांचा नव्हता. पृथ्वीचा परीघ मोजणाऱ्या एराटोस्थेनीसने उत्तरेच्या माहितीसाठी पिथियसचाच आधार घेतला आणि खगोलशास्त्रज्ञ हिपार्कसने त्याची खगोलीय मोजमापे स्वीकारली. त्याच्यावर तुटून पडले ते मुख्यतः इतिहासकार पॉलिबियस आणि भूगोलकार स्ट्रॅबो. पिथियसचा मूळ ग्रंथ नष्ट झाल्यामुळे त्याची बाजू आपल्यापर्यंत बरीचशी या विरोधकांच्याच लेखनातून पोहोचते, हेही विसरता कामा नये.

पॉलिबियसचा आक्षेप माणसावर होता : सरकारी पाठबळ नसलेला, तोही गरीब असा माणूस एवढा लांबचा प्रवास करूच कसा शकेल? पॉलिबियसने स्वतः अटलांटिकच्या किनाऱ्यावर सफर केली होती, तेव्हा या शंकेत थोडी स्पर्धेची धग असावी, असे मला वाटते.

स्ट्रॅबोची अडचण अधिक खोल होती. पृथ्वीचे शीत, समशीतोष्ण आणि उष्ण असे पट्टे पाडून मनुष्यवस्तीची उत्तर सीमा आयर्लंडपाशी संपते, असे त्याने ठरवून टाकले होते आणि तेथील लोकही थंडीमुळे कसेबसे जगतात, असे तो मानत असे. पिथियसने वर्णिलेली थुले नावाची भूमी मात्र ब्रिटनपासून उत्तरेला सहा दिवसांच्या जलप्रवासावर होती आणि गोठलेला समुद्र तिच्याही पलीकडे होता. ही विधाने मान्य केली असती, तर स्ट्रॅबोला आपला नकाशाच नव्याने आखावा लागला असता. ब्रिटन पाहून आलेले लोक थुलेचे नावही काढत नाहीत, हा त्याचा आणखी एक युक्तिवाद.

संशयाला पिथियसनेही खाद्य पुरवले, हे मान्य केले पाहिजे. ब्रिटनचा परीघ त्याने 40,000 स्टेडियांहून अधिक, म्हणजे सुमारे 7,000 किलोमीटर सांगितला आणि बेटाची लांबी तर प्रत्यक्षाच्या कित्येक पटींनी वाढवली. त्याहून चमत्कारिक म्हणजे, थुलेच्या परिसरात जमीन, समुद्र आणि हवा वेगवेगळ्या राहत नाहीत, तर ‘समुद्री फुप्फुसा’सारखे (बहुधा जेलीफिशसारखे) मिश्रण होते, ज्यावर ना चालता येते ना नाव हाकता येते, असे त्याने लिहिले. धुक्यात हेलकावणारा अर्धवट गोठलेला बर्फ त्याने पाहिला असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. परंतु भूमध्य समुद्राच्या काठी वाढलेल्या वाचकाला हे वर्णन थापच वाटणार.

याउलट, आजच्या फ्रान्समधील मार्सेय म्हणजे तेव्हाचे मासालिया या आपल्या गावी शंकूच्या, म्हणजे उभ्या रोवलेल्या काठीच्या, सावलीवरून त्याने केलेले मोजमाप इतके चांगले होते की त्यावरून निघणारा अक्षांश आजच्या आकड्याच्या अगदी जवळ येतो. खुद्द स्ट्रॅबोनेही एके ठिकाणी हात थोडा सैल सोडला आहे : शीत पट्ट्याजवळचे लोक सूर्यप्रकाशाचा अभाव आणि पाऊस यांमुळे कणसे मोठ्या इमारतींत आणून झोडपतात, या पिथियसच्या माहितीबाबत त्याने वस्तुस्थितीचा बऱ्यापैकी उपयोग केलेला दिसतो, असे तो लिहितो.