भगोणं कोण उतरवणार?

शिबिरांचा हंगाम जवळ आला, तशी स्काउट-गाईडबद्दलची पत्रंही वाढली. त्यातली तीन या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दामच दिलेली नाहीत.

प्रश्न : आदरणीय ताई, मी शिरपूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि चार वर्षांपासून स्काउट पथक चालवतो. २८ मुलं, चार संघ. मागच्या डिसेंबरात पालजवळ सुकी नदीच्या बाजूला आमचं शिबिर होतं. स्वयंपाक, तंबू, रात्रीचा पहारा, सगळं संघनायकच बघत होते. दुसऱ्या दिवशी भांडी घासायला काठावर गेलेल्या एका मुलाच्या पायाखालची माती सरकली आणि तो कमरेपर्यंत पाण्यात गेला. सोबतच्या मुलाने लाठी पुढे करून त्याला लगेच ओढून घेतलं. साधं खरचटलंही नाही. पण घरी गेल्यावर गोष्ट वाढत गेली. पालकसभा झाली आणि शाळेने नियम केले : मुलांनी चूल पेटवायची नाही, स्वयंपाकाला आचारी, प्रत्येक संघाबरोबर कायम एक शिक्षक. आता माझे संघनायक हजेरी घेण्यापुरते उरलेत. परवा एकाने विचारलं, "सर, मग आम्ही काय करायचं?" मला उत्तर देता आलं नाही. नियम पाळू की स्काउटिंग वाचवू?

उत्तर : भाऊ, मुलगा पाण्याबाहेर कसा आला ते तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी मात्र त्या ओळीपाशीच थांबले. स्वतः पाण्यात न उतरता काठावरून लाठी पुढे करायची, हे त्या पोराला कोणी शिकवलं? तुम्हीच ना? बुडणाऱ्याला धरायला दुसरा उडी घेतो आणि एकाच्या जागी दोघं जातात, हे दुःख तापी-गिरणेच्या काठच्या गावांना नवीन नाही. तुमच्या पोराने ती चूक केली नाही. पालकसभेत ही गोष्ट कोणी सांगितली का? सांगितली नसेल तर पुढच्या सभेत सर्वांत आधी हीच सांगा.

पण तितक्याच स्पष्टपणे दुसरंही सांगते. काठ ढासळणारा आहे हे आधी जाऊन पाहणं तुमचं काम होतं आणि ते राहून गेलं. भांडी काठावर घासायचीच नसतात. पाणी बादल्यांनी वर आणायचं, तेही मोठ्या माणसाने नक्की केलेल्या जागेवरून. त्यामुळे शाळा घाबरली याचा मला राग येत नाही. माझ्या मुलाच्या बाबतीत असं झालं असतं तर मीही पालकसभेत उभी राहिले असते.

मी अमळनेर तालुक्यात २७ वर्षं गाईड कॅप्टन होते. पहिल्या काही वर्षांत मी तुमच्यासारखीच होते, मुलींना सगळं करू द्यावं या मताची. पाटणादेवीच्या शिबिरात एका रात्री वरण-बट्टीचा बेत होता. बट्ट्या गोवऱ्यांच्या आरावर, आणि तीन दगडांच्या चुलीवर दहा-बारा लिटरचं भगोणं वरणाने काठोकाठ. मी वीस पावलांवर हिशोबाची वही घेऊन बसलेली. सहावीतल्या एका मुलीने गळ्यातला स्कार्फ काढला, दुहेरी केला, भगोण्याच्या काठाला लावला आणि ते एकटीने उचललं. स्कार्फ वाफेने ओला झाला होता. ओल्या कापडातून चटका लगेच हातापर्यंत येतो, हे तिला कसं माहीत असणार? हात सुटला आणि वरण पायावर आलं. पाय वीस मिनिटं पाण्याच्या धारेखाली धरला, कोणी आणलेली टूथपेस्ट लावू दिली नाही, स्वच्छ ओलं कापड टाकून दवाखान्यात नेलं. पाऊल बरं झालं, पण डाग राहिला. तिच्या आईने मला एक शब्दही विचारला नाही. ते जास्त लागलं.

त्यानंतर दोन वर्षं मी मुलींना काही करू दिलं नाही. चूल मी पेटवायची, भाज्या मी चिरायच्या, औषधाच्या पेटीला कुलूप आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. मला वाटायचं, आता माझ्या मुली सुरक्षित आहेत.

मग उनपदेवचं शिबिर आलं. मी तापाने तंबूत पडून होते आणि सोबतच्या बाई सामान आणायला अडावदला गेल्या होत्या. दगड हलवताना एका मुलीला विंचू चावला. मला तिचं रडणं ऐकू येत होतं, पण उठता येत नव्हतं. बावीस मुली तिच्याभोवती गोल करून उभ्या होत्या आणि सगळ्या माझ्या तंबूकडे बघत होत्या. दवाखाना कुठे, गाडी कोणाची सांगायची, कोणाला फोन करायचा, यातलं एकीलाही काही माहीत नव्हतं. माहीत असण्याची गरज मीच ठेवली नव्हती. शेवटी रस्त्याने जाणारा केळीचा टेम्पो एका शेतकरीदादांनी थांबवला, म्हणून ती वेळेत पोहोचली. लहान मुलांना लाल विंचवाचं विष जिवावर बेतू शकतं, तिथे वेळ फार मोलाचा असतो. एकाच पथकात मी दोन्ही टोकं करून पाहिली, आणि दोन्हीकडे भोगलं मुलींनी.

पुढच्या शिबिराआधी मी मानसभा बोलावली. संघनायिका आणि मी, एवढ्याच. भगोण्याचा विषय मीच काढला आणि विचारलं, "पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं?" माझ्या मनात उत्तर तयार होतं : दोन सांडश्या, दोन मोठ्या मुली आणि मी शेजारी उभी. तेवढ्यात आठवीतली एक संघनायिका म्हणाली, "बाई, भगोनं उतारानंच कसाले?" मी तिच्याकडे बघतच राहिले. खरंच, उतरवायचंच कशाला? चुलीतली लाकडं बाहेर ओढायची, निखारे विझवायचे, भगोणं जागेवर ठेवायचं आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने वरण बादलीत काढून घ्यायचं. इतकं साधं. त्यानंतर आमच्या एकाही शिबिरात गरम भगोणं कोणी उचललं नाही. तो नियम मी केला असता तर माझी पाठ वळताच मोडला असता. तो त्यांचा होता, म्हणून नव्या मुलींना त्याच दटावून सांगायच्या.

म्हणून तुम्ही विचारता तशी निवड करू नका. एक कोरा कागद घ्या आणि आधी ज्याला दुसरी संधी नसते ते लिहून काढा. खोल पाणी, कडे, वाहनं, वीज, औषधाचे डोस, साप, आणि मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद दाराआड असणं. यावर मानसभेत मत घ्यायचं नाही, तिथे मोठ्यांचा शब्द शेवटचा. मग जे सुधारता येतं ते लिहा. भाकरी करपली, तंबू रात्रीतून बसला, खिचडीत मीठ दोनदा पडलं, शेकोटीचा कार्यक्रम फसला, पहाऱ्याची पाळी ठरवताना दोघं भांडले. या सगळ्यात तुम्ही तोंड उघडायचं नाही. फार कठीण जाईल, मला माहीत आहे. करपलेली भाकरी खाताना मुलांचे चेहरे बघवत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी तव्यापाशी कोण बसतं आणि कसं बसतं, ते बघा.

चूल या दोन्हींच्या मधली आहे. ती शिकल्यावर मिळते. आपल्याकडे प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान अशी चढण आहे ती त्यासाठीच. कोयता हातात देण्याआधी तो कसा धरायचा, दुसऱ्याच्या हातात कसा द्यायचा आणि भोवती किती जागा मोकळी हवी, हे मुलाने करून दाखवलं पाहिजे. चुलीचंही तसंच. सैल ओढणी नाही, नायलॉनचे कपडे नाहीत, वाळूची बादली हाताशी, आणि संघनायकाने "हो" म्हटल्याशिवाय काडी ओढायची नाही. मुख्याध्यापकांना हे लेखी द्या. आचारी नको म्हणून भांडू नका, एका वेळच्या जेवणाची चूल मागा. एक वेळ नीट पार पडली की दुसरी मागता येते.

आता प्रत्येक संघाबरोबर शिक्षक, या नियमाचं. मोठी माणसं हवीतच, आणि नेहमी किमान दोन. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या स्काउट संघटनेने २०१८ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक कार्यक्रमाला, अगदी साध्या बैठकीलाही, एकवीस वर्षांवरच्या दोन नोंदणीकृत मोठ्यांची हजेरी सक्तीची केली. त्याआधी तिथे मुलांचे संघ मोठ्यांशिवायही भेटू शकत. मुलांवरच्या अत्याचारांचे दावे पुढे हजारोंनी आले आणि २०२० मध्ये त्या संघटनेला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. म्हणजे हा नियम मुलांवर अविश्वास म्हणून आलेला नाही, तो आपल्याला बांधतो. मोठ्याने मुलाशी एकट्याने बोलायचं तर उघड्यावर, दुसऱ्या मोठ्याच्या नजरेसमोर. झोपायचे तंबू वेगळे. मेसेज करायचा तर पालक असलेल्या गटावर.

पण हजर असणं आणि मध्ये असणं यांत फरक आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं स्काउट शिबिर झालं, तेव्हा स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल स्वतः तिथेच होते. तरी वीसेक मुलांचे चार संघ करून प्रत्येक संघ एकेका मोठ्या मुलाच्या हाती दिला होता. तुमच्या शिक्षकांनीही चाळीस पावलांवरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून बसावं. सगळं दिसेल, हाक ऐकू येईल. मुलगा काही विचारायला आला की त्यांनी एवढंच म्हणायचं, "तुझ्या संघनायकाला विचारलंस का?"

आणि यंदा जागा बघायला जाल तेव्हा चारही संघनायकांना आणि आणखी एका शिक्षकाला सोबत न्या. वनखात्याची परवानगी काढायला, सरकारी दवाखाना किती किलोमीटरवर आहे ते मोजायला, मोबाइलला रेंज कुठे मिळते ते शोधायला. धोक्याच्या जागांचा नकाशा त्यांनाच काढू द्या. औषधाच्या पेटीची एक किल्ली तुमच्याकडे, दुसरी सोबतच्या शिक्षकांकडे, आणि ती पेटी कुठे आहे व १०८ ला फोन करून काय सांगायचं हे प्रत्येक मुलाला पाठ हवं. "आम्ही काय करायचं?" या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला त्या नकाशावर सापडेल. पाण्यातून बाहेर काढणाऱ्या त्या पोराला पाण्याच्या काठाचा प्रमुख करा.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. आम्ही भुसावळला राहतो. त्यांचं शिबिर एप्रिलच्या शेवटी ठरतं आहे. मुलांनीच तारीख निवडली म्हणे. मी आडवी आले तर मुलगा नाराज होईल.

उत्तर : ताई, खुशाल आडव्या या. भुसावळचा एप्रिल-मे तुम्हाला मी काय सांगायचा, पारा ४५ च्या पुढे जातो. शिबिराचे खेळ कोणते, जेवण काय, शेकोटीला कोणत्या नकला, हे मुलांनी ठरवावं. उन्हाळ्यात उघड्या माळावर तंबू लावायचा की नाही, हे ठरवणं मोठ्यांचं काम आहे, आणि मुलांवर ते टाकणं म्हणजे आपली जबाबदारी त्यांच्या अंगावर ढकलणं. मास्तरांना भेटा, डिसेंबर-जानेवारी सुचवा, पण मुलासमोर त्यांचा अपमान होईल असं बोलू नका. मुलाला मात्र खरं कारण सांगा.

प्रश्न : ताई, मी नंदुरबार जिल्ह्यात दहावीत आहे आणि आमच्या संघाची नायिका आहे. माझ्या संघातल्या सातवीच्या मुलीने मला शपथ घालून सांगितलं की शिबिरात मदतीला येणारा एक मोठा माणूस तिला रात्री मेसेज करतो, फोटो मागतो आणि एकटीला भेटायला बोलावतो. ती म्हणते कोणाला सांगितलंस तर मी गाईड सोडून देईन. मी शब्द दिला आहे. आपला पहिला नियमच आहे ना, की गाईड विश्वसनीय असते?

उत्तर : बाळा, तिने इतक्या जणींमधून तुला निवडलं, कारण तू विश्वास ठेवण्यासारखी आहेस. आता त्या विश्वासाला जागायचं म्हणजे ही गोष्ट मोठ्या माणसाला सांगायची. हे गुपित तिचं नाही. ते त्या माणसाचं आहे, आणि तो ते तिच्याकडून सांभाळून घेतो आहे. तुझा शब्द त्याच्या उपयोगाला पडू देऊ नकोस.

तिला आधी सांग, "मी हे एकटीने सांभाळू शकत नाही, मी मोठ्यांना सांगणार आहे आणि तुझ्यासोबत राहणार आहे." तिची चूक काहीच नाही, हेही सांग, दोनदा सांग. मेसेज पुसू नका. त्या माणसाला जाब विचारायला जाऊ नका. मानसभेत हा विषय काढायचा नाही, मुलींनी निवाडा करण्याची ही गोष्ट नव्हे.

मग कॅप्टन बाई, वर्गशिक्षिका, तुझी आई, यांतल्या जिच्याशी तुला बोलता येईल तिच्याकडे जा. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या बाबतीत अशा गुन्ह्याची माहिती किंवा नुसती शंका असली तरी ती पोलिसांना कळवणं मोठ्यांवर बंधनकारक आहे. शाळेच्या किंवा संस्थेच्या प्रमुखाने लपवलं तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. न सांगितल्याबद्दल मुलांना शिक्षा नाही, म्हणून तू घाबरू नकोस. पहिल्या मोठ्या माणसाने "जाऊ दे, बदनामी होईल" म्हटलं, तर दुसऱ्याकडे जा. दुसऱ्यानेही तेच म्हटलं तर १०९८ या नंबरवर फोन कर. तो मुलांसाठीच आहे, दिवसरात्र चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

हा अंक तुझ्या हातात पडेपर्यंत दिवस जातील म्हणून तुझ्या पत्रावरच्या पत्त्यावर मी वेगळं पत्र आधीच पाठवलं आहे. ते मिळालं असेल तर बोलणं झालंही असेल. नसेल मिळालं, तर शाळा सुटायची वाट बघू नकोस. मधल्या सुट्टीतच जा, आणि तिचा हात धरून जा.