जुन्या स्कॉट्समधले 'तुटके' शब्द

तुम्ही विचारलंय की स्कॉट्स (स्कॉटलंडची, इंग्रजीच्या जवळची भाषा) कवितांमध्ये 'विथ'चं 'वि', 'ऑल'चं 'ऑ', 'टेकन'चं 'टेन' करून मध्येच ॲपॉस्ट्रॉफी (गळालेल्या अक्षराच्या जागी येणारं ’ हे चिन्ह) का टाकतात, आणि 'ऑफ दॅट इल्क' ही काय भानगड आहे.

आधी ॲपॉस्ट्रॉफीचं. ती बघून वाटतं की कवीने घाईत इंग्रजी शब्दाचं शेपूट तोडलं. पण 'टेन' घ्या. बार्बर या स्कॉट्स कवीच्या १३७५ सालच्या 'ब्रूस' काव्यात तो 'क'शिवायच आहे आणि तिथे ॲपॉस्ट्रॉफीचा पत्ता नाही. ती चिकटली अठराव्या शतकात. रॅम्झी, बर्न्स या स्कॉट्स कवींच्या काळात छापील स्कॉट्स इंग्रजी वाचणाऱ्यांनाही कळावं म्हणून 'इथे तुमचं अमुक अक्षर नाही' अशी खूण करत गेले. उद्या कोणी आपला 'हात' हा हिंदी 'हाथ'मधला ह गळालेला शब्द म्हणून खुणेसकट छापला, तर कसं वाटेल? १९४७ मध्ये एडिंबरात लेखकांनी लेखनाचे नियम ठरवले, त्यात ही चिन्हं काढून टाका असंच सुचवलं. मला ते पटतं.

खरी जोडाजोड वेगळीच आहे. 'दॅट एन' (तो एक) आणि 'दॅट इदर' (तो दुसरा) भरभर बोलताना 'द टेन' आणि 'द टिदर' झाले. म्हणजे मागच्या शब्दाचा ट पुढच्याला जाऊन चिकटला. (हा 'टेन' आणि वरचा 'टेन' यांचा संबंध नाही.)

आता 'इल्क'. मी हौसेने मोडी कागद वाचतो, त्यामुळे हा शब्द मला लगेच ओळखीचा वाटला. इल्क म्हणजे 'तोच'. 'मॉनक्रीफ ऑफ दॅट इल्क' म्हणजे मॉनक्रीफ आडनावाचा आणि मॉनक्रीफ याच जमिनीचा धनी. नाव दुसऱ्यांदा लिहायचा कंटाळा! आपल्याकडे जुन्या कागदांत 'मोकदम मौजे मजकूर' (वर सांगितलेल्या गावाचा पाटील) लिहितात, तेव्हा 'मजकूर' (वर सांगितलेला) हेच काम करतो. जुन्या स्कॉट्स दस्तऐवजांत मृताच्या नावाआधी 'अमव्हाइल' येतो, तो आपला 'कै.' समजा.

पुढे इंग्रजांनी 'इल्क'चा अर्थ 'जातकुळी' असा करून घेतला. म्हणून आजच्या इंग्रजी पेपरात 'त्या इल्कचे लोक' दिसले, तर तिथे जमीनजुमला शोधू नका, बहुधा कोणाला तरी नावं ठेवणं चालू असतं.