टक्केवारी नको, कामाचे पैसे दे

प्रिय,
सप्रेम नमस्कार.

निधी संकलनाचे सल्लागार म्हणतात, ‘आधी काही देऊ नका, आणलेल्या देणगीतले १५ टक्के द्या.’ तुझ्या संस्थेच्या विश्वस्तांना हे बिनधोक वाटतंय. तिजोरीत खडखडाट असला की असंच वाटतं. तरीही हा करार करू नकोस.

देणगीदाराने मुलांच्या शिक्षणासाठी १०० दिले. त्यातले १५ सल्लागाराला गेले, हे त्याच्या पावतीवर छापायची तुमची तयारी आहे का? नसेल, तर दुखणं तिथेच आहे. दुसरं म्हणजे घाई. मोठी देणगी जुळायला कित्येकदा वर्ष-दीड वर्ष जातं. ज्याचं पोट टक्क्यावर आहे, त्याला पहिल्याच भेटीत आकडा मागायचा मोह होतो, आणि दुखावलेला दाता पुन्हा दार उघडत नाही. शिवाय, सहा वर्षं स्वतःहून देणारे एक गृहस्थ यंदाही देतात; मधे सल्लागाराचं एक पत्र त्यांना गेलेलं असतं. आता वाटा द्यायचा की नाही? भांडणं इथूनच सुरू होतात. अनुदानात तर अडचण आणखी मोठी, कारण मंजूर अंदाजपत्रकात नसलेला खर्च त्यातून सहसा करताच येत नाही. ‘असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स’ या निधी संकलन करणाऱ्यांच्या संघटनेची आचारसंहिता १९६४ सालची. देणगीच्या टक्केवारीवर मोबदला घ्यायला तिच्यात सभासदांना स्पष्ट मनाई आहे.

मग द्यायचं कसं? तासावर, महिन्यावर किंवा ठरलेल्या कामावर. लहान संस्थेला मला शेवटचं बरं वाटतं. समजा, अनुदानाचा एक प्रस्ताव ५० तासांचा धरला: माहिती जमवायला १२, लेखनाला २२, अंदाजपत्रकाला १०, दुरुस्त्यांना ६. तासांचा दर ठरव, एकूण रक्कम गोठव आणि तीन हप्ते पाड: सही होताच ३० टक्के, मसुदा हाती आल्यावर ४०, अंतिम प्रत मिळाल्यावर ३०. शेवटचा हप्ता मंजुरीवर अडकवू नकोस. तशी अट म्हणजे टक्केवारीचीच चुलत बहीण. बक्षीस द्यायचं असेल तर ते आधी लेखी ठरलेलं, ठरावीक रकमेचं आणि कामाशी जोडलेलं असावं: अहवाल वेळेत गेले, देणगीदारांची यादी अद्ययावत झाली, वगैरे.

करारात चार गोष्टी घालच. देणगी थेट संस्थेच्या खात्यात येईल, सल्लागाराच्या हातातून नाही. देणगीदारांची यादी संस्थेची. काम संपल्यावर तिची प्रत बाहेर राहणार नाही. प्रवासखर्च पावतीवर आणि मर्यादेतच. ३० दिवसांच्या सूचनेने कुणालाही करार सोडता येईल. यादीचं कलम विसरलं, तर तुमचेच दाते उद्या दुसऱ्या संस्थेचं पत्र घेऊन बसलेले दिसतील.

एवढे पैसे नाहीत म्हणशील, तर काम लहान कर. वर्षभराच्या मोहिमेऐवजी आधी फक्त जुन्या देणगीदारांची यादी तपासून घे. आणि विश्वस्तांनाच विचार, खास या मानधनासाठी म्हणून ते वेगळी देणगी देतील का. दिली, तर ती हिशेबात त्याच नावाने दाखव.

तुझा हितचिंतक