करिबा धरणात इतकं पाणी दिसतं, मग वीजनिर्मिती का थांबते?

दिसणारं सगळं पाणी टर्बाइनच्या कामाचं नसतं. आफ्रिकेत झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवर, झांबेझी नदीवरच्या करिबात पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 488.5 मीटर, तर वीजनिर्मितीची किमान पातळी 475.5. म्हणजे खेळ वरच्या 13 मीटरचाच! पाणी त्याखाली उतरलं की टर्बाइनकडे पाणी नेणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी भोवरा होऊन हवा आत ओढली जाण्याचा धोका असतो. मग टर्बाइन थरथरतं, पाती झिजतात. म्हणून संच आधीच थांबवतात.

शिवाय झांबिया आणि झिम्बाब्वेला वीजनिर्मितीसाठी पाण्याचा वार्षिक कोटा असतो. 2022 मध्ये झिम्बाब्वेचा कोटा नोव्हेंबरपर्यंतच संपला, तेव्हा उपयुक्त साठा (किमान पातळीच्या वरचं पाणी) 5 टक्क्यांखाली होता.

तिथे पाऊस पडला म्हणून लगेच फरक पडेल असं नाही. वरच्या खोऱ्यातलं पाणी झांबियातल्या बारोत्सेच्या पूरमैदानात (पुराचं पाणी पसरतं त्या सपाट भागात) रेंगाळतं. करिबाच्या आधी लागणाऱ्या व्हिक्टोरिया धबधब्यापाशी त्याचा जोर साधारण एप्रिलमध्ये दिसतो.