आयसीपीचा कोर्स लावावा का?

प्रश्न : मुलगी कोल्हापुरात बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक संस्था पंधरा दिवसांत ‘आयसीपी ऑपरेटर’ बनवून देतो म्हणते. सगळं मशीनच करत असेल, तर या कामात पुढे काय? – एक पालक

उत्तर : आयसीपी (इंडक्टिव्हली कपल्ड प्लाझ्मा) म्हणजे नमुन्यात कोणतं मूलद्रव्य किती आहे ते मोजणारं मशीन. नुसतं ते चालवायला तिला कंपनीतही शिकवतील. नमुना तयार करणं आणि आलेला आकडा तपासणं, हे ज्याला जमतं त्याला लॅब सोडत नाही.

आयसीपीत आरगॉन वायूचा सहा ते दहा हजार केल्विनचा प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, असतो. त्यात द्रावणाचा फवारा सोडला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देतं. त्याच्या तीव्रतेवरून प्रमाण काढतात. मिनिटाला साधारण 15 लिटर आरगॉन लागतो, म्हणजे सात घनमीटरचं सिलिंडर एका शिफ्टलाही पुरत नाही. त्यामुळे आधी तयारी नीट आणि मगच प्लाझ्मा, ही शिस्त अंगी हवी.

पोलादाचं उदाहरण घ्या. 0.5 ग्रॅम चुरा फ्यूमहूडमध्ये (धूर ओढून घेणाऱ्या कपाटात) आम्लराजात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात, तापवून विरघळवायचा, थंड करून गाळायचा, 100 मिलि करायचा. आता पोलादात 0.02 टक्के मँगनीज असेल तर द्रावणात ते लिटरला 1 मिलिग्रॅम येतं, आणि लोह मात्र 5 ग्रॅमच्या आसपास. स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीची माहीत प्रमाणाची द्रावणं, साध्या पाण्यात बनवली तर एवढ्या लोहामुळे आकडा सरकतो. म्हणून स्टँडर्डमध्येही तितकंच शुद्ध लोह आणि तेवढंच आम्ल घालतात. फॉस्फरसची 213.618 नॅनोमीटर तरंगलांबीची प्रकाशरेषा तांब्याच्या 213.598 ला जवळजवळ चिकटलेली असते. तांबं असलेल्या पोलादात ती डोळे झाकून घेतली तर फॉस्फरस जास्त दिसतो. अशा वेळी 178 च्या आसपासची रेषा घ्यावी. सिलिकॉनचा काही भाग गाळणीवरच राहतो. कार्बनसाठी तर ही पद्धत नाहीच, तो ज्वलन पद्धतीने किंवा स्पार्कवर (धातूवर ठिणगी पाडून तिच्या प्रकाशावरून घटक मोजणाऱ्या यंत्रावर) मोजतात.

हा स्पार्क तुमच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत रोजचा आहे. तिथे चिल सॅम्पल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा झटकन थंड केलेला नमुना, पांढरं गोठलं नाही, आत ग्रॅफाइट राहिलं, तर कार्बनचा आकडा चुकतो. आयसीपी आणि स्पार्क दोन्ही येणाऱ्या मुलीला फौंड्रीची लॅब आणि खासगी टेस्टिंग लॅब, दोन्ही दारं उघडी राहतात.

मिळवलेल्या आकड्यांत चढउतार वाढले तर आधी द्रावण ओढणाऱ्या पंपाची नळी पाहावी, ती दबून चपटी होते. अंतर्गत मानक म्हणून (प्रत्येक द्रावणात सारख्याच प्रमाणात) घातलेल्या इट्रियमचा सिग्नल घसरत असेल तर नेब्युलायझर, म्हणजे द्रावणाचा फवारा करणारा भाग, क्षारांनी तुंबलेला असू शकतो. त्यात तार मात्र कधीच घालू नये, टोक फुटतं.

फी भरण्याआधी संस्थेला तीनच गोष्टी विचारा. नमुना स्वतः विरघळवायला देणार का? प्रमाणित संदर्भ नमुना चालवून रिकव्हरी, म्हणजे माहीत प्रमाणाच्या किती टक्के आकडा मिळाला ते, काढायला लावणार का? आयएसओ 17025 या प्रयोगशाळांच्या मानकानुसार नोंदी आणि मोजमापातली अनिश्चितता शिकवणार का? एकालाही ‘नाही’ आलं तर पैसे वाचवा. तिला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये दोन-तीन महिने प्रशिक्षणार्थी म्हणून लावा आणि एम.एस्सी.ला विश्लेषणात्मक रसायनशास्त्र घ्यायला सांगा.